दोन शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

भिंतीवरील नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पट्टीने जोडून त्यांमधील अंतर मोजल्यास उत्तर चुकीचे येते. कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना तिची कोठे ना कोठे ओढाताण करावीच लागते. खरे अंतर पाहावयाचे असेल तर पृथ्वीगोल घ्यावा व या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा. तो दोरा उत्तरेकडे सरकतो आणि हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया व आर्क्टिक महासागर यांवरून अलास्कामार्गे कॅलिफोर्नियास पोहोचतो. पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणारी पातळी तिच्या पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते, त्यास महावर्तुळ म्हणतात. ताणलेला दोरा हा अशाच एका महावर्तुळाचा कंस होय.

या कंसाची लांबी गणिताने काढता येते. दोन्ही शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढला, तर तो १११ अंशांहून किंचित अधिक भरतो. एका अंशाच्या ६० कला होतात आणि एका कलेमागे पृष्ठभागावर एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, अंतर येते. या हिशेबाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे ६,६८० सागरी मैल, म्हणजेच जवळजवळ १२,४०० किलोमीटर होते.

आता ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की प्रवासाचा काळ मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा वेग सभोवतालच्या हवेच्या संदर्भातील असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. नदीतील नावेला प्रवाह साथ देतो किंवा अडवितो, तसेच विमानाचे होते. साधारणपणे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांचा वेग कित्येकदा ताशी १५० किलोमीटरांहून अधिक असतो. शिवाय सर्वांत जवळचा मार्ग नेहमीच सोयीचा नसतो. विमानातील हवेचा दाब एकाएकी घटल्यास वैमानिकाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. हिमालयात व त्यापलीकडील पठारांवर तर जमीनच त्याहून उंच आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या प्रवासासाठी अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरील मार्ग धरला, तेव्हा ही गोष्ट प्रत्ययास आली. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांब होता. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले व जवळजवळ दोन तास वाचले. वाचलेला प्रत्येक तास म्हणजे वाचलेले इंधन होय; आणि इंधन जितके कमी वाहून न्यावे लागते, तितके अधिक प्रवासी व सामान नेता येते.

प्रवाशाचे घड्याळ मात्र निराळेच सांगते. दिल्लीहून रविवारी पहाटे ४ वाजता निघालेले विमान १५ तास उडाले, तर ते हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला रविवारीच पहाटे साडेपाचला उतरते. कारण तेथील वेळ भारतीय वेळेच्या साडेतेरा तास मागे असते. म्हणून प्रवासाचा काळ काढताना दोन्ही घड्याळे प्रथम एकाच प्रमाणवेळेवर आणली पाहिजेत. अंतर पृथ्वीच्या आकारावरून ठरते. काळ मात्र वाऱ्याला विचारूनच ठरवावा लागतो.