अतिदक्षता विभागातील रुग्णालयजन्य संसर्ग आणि रक्तातील निदर्शक

रुग्णालयात प्रवेश करतेवेळी जो संसर्ग रुग्णाच्या अंगी नव्हता आणि प्रवेशानंतर ४८ तास उलटल्यावर जो प्रकट होतो, त्यास सामान्यतः रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. अतिदक्षता विभागात त्याच्या शिरकावास वाटा पुष्कळ असतात. कृत्रिम श्वसनासाठी घातलेली नळी, मोठ्या शिरेतील नलिका, मूत्रमार्गातील कॅथेटर या त्यांपैकी प्रमुख होत. परंतु वाटा ठाऊक असूनही जंतू आत शिरले की नाहीत हे ओळखणे नेमके याच विभागात दुर्घट ठरते. ज्वर, नाडीची जलद गती व श्वेतपेशींची वाढ ही लक्षणे मोठी शस्त्रक्रिया, भाजणे वा स्वादुपिंडाचा दाह यांतही तितक्याच ठळकपणे दिसतात. रक्तातील जंतूंच्या संवर्धनाचा निष्कर्ष हाती येण्यास एकदोन दिवस तरी जातात, आणि प्रतिजैविके आधीच सुरू असली तर तो निष्कर्ष फसवाही ठरू शकतो. थांबावे तर रुग्णाच्या जिवावर बेतते. न थांबता सर्वांनाच औषधे द्यावीत तर औषधांस दाद न देणारे जंतू बळावतात आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या वाट्यास येतात. या कोंडीतून सुटका व्हावी म्हणून रक्तातील निदर्शकांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

त्यांपैकी जुना निदर्शक सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा होय. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात तो प्रथम दाखविला. न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नामक शर्करायुक्त घटकाशी या रक्तरसाचा संयोग होऊन साका बसे. त्यावरून हे नाव पडले. इंटरल्यूकिन-६ च्या प्रेरणेने हे प्रथिन यकृतात निर्माण होते. त्याची पातळी कळस गाठावयास दीड ते दोन दिवस लागतात. शिवाय दाह कोणत्याही कारणाने झाला तरी ते वाढते, आणि यकृत निकामी झालेल्या रुग्णात घोर संसर्ग असतानाही पुरेसे वाढत नाही.

दुसरा निदर्शक प्रोकॅल्सिटोनिन. अवटु ग्रंथीत तयार होणाऱ्या कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे हे ११६ ॲमिनो आम्लांचे पूर्वरूप. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचा जेमतेम मागमूस असतो. तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या बालकांच्या रक्तात ते विपुल प्रमाणात आढळते, असे १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केले. अशा वेळी ते केवळ अवटु ग्रंथीतच नव्हे, तर शरीरातील अनेक ऊतींत निर्माण होऊ लागते. काही तासांतच ते चढते, आणि कारण दूर झाल्यावर साधारणतः दर दिवसास निम्मे होत उतरते. विषाणुजन्य रोगात इंटरफेरॉन-गॅमा त्याच्या निर्मितीस आवर घालतो, त्यामुळे तेथे ते सहसा अल्पच राहते.

एवढ्यावरून प्रोकॅल्सिटोनिनची पातळी चढली की औषध वाढवावे, असे अनुमान कोणासही सुचावे. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमके हेच करून पाहण्यात आले. मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. उलट प्रतिजैविकांचा मारा वाढला आणि रुग्णांचा अतिदक्षता विभागातील मुक्कामही लांबला. या अपयशाचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. गंभीर आघात, मोठी शस्त्रक्रिया वा हृदयाघातजन्य शॉक यांमुळेही हा निदर्शक संसर्गावाचून चढतो; तर फुप्फुसापुरत्या मर्यादित संसर्गात तो पुष्कळदा खालीच राहतो. अतिदक्षता विभागातील रुग्ण हा कोऱ्या पाटीसारखा नसतो, ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांच्या ध्यानातून सुटते.

याच निदर्शकाचा उपयोग औषध थांबविण्यासाठी केला असता मात्र चित्र पालटते. नेदरलँड्समधील सुमारे १,५७५ रुग्णांवरील प्रयोगात, पातळी कमाल मूल्याच्या ८० टक्क्यांनी उतरली अथवा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर वा त्याखाली आली की प्रतिजैविके थांबवावीत, असा सल्ला चिकित्सकांस देण्यात आला. तो बंधनकारक नव्हता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचाराचा मध्यक काळ ७ दिवसांवरून ५ दिवसांवर आला आणि २८ दिवसांतील मृत्यूही २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. मृत्यूंतील ही घट सर्वच प्रयोगांत दिसलेली नाही, म्हणून तिचा फार गाजावाजा करणे योग्य नव्हे. औषधाचे दिवस कमी होतात ही बाब मात्र पुनःपुन्हा प्रत्ययास आली आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शिकेनेही प्रतिजैविके सुरू करण्याच्या निर्णयात या निदर्शकाची भर घालू नये, आणि ती केव्हा थांबवावीत हे रुग्णतपासणीने स्पष्ट होत नसेल तेव्हा त्याचा आधार घ्यावा, असेच सुचविले आहे.

तात्पर्य, एकाकी आकड्यापेक्षा आकड्यांची दैनंदिन चाल अधिक बोलकी असते. शस्त्रक्रियेनंतर उतरू लागलेली पातळी पुन्हा चढली, तर नलिका, फुप्फुसे व जखम यांची नव्याने तपासणी अवश्य करावी. मात्र बुरशीच्या संसर्गात या निदर्शकाचा भरवसा धरता येत नाही. तेथे बुरशीच्या कवचातील बीटा-डी-ग्लुकन मोजतात. ते न आढळल्यास कॅन्डिडाचा खोलवर पसरलेला संसर्ग असण्याचा संभव बराच कमी होतो. ते आढळल्यास मात्र रुग्णास अल्ब्युमिन वा इम्युनोग्लोब्युलिन दिले होते काय, अथवा जखमेत कापसाच्या जाळीच्या घड्या ठेवल्या होत्या काय, याची विचारणा आधी करावी लागते. कारण त्यांमुळेही हा घटक रक्तात दिसू शकतो.