टायर रुंद, रिम अरुंद : घाटात सावरणार कोण?

गावात दारापुढे मोटार असणे आता नवलाचे राहिलेले नाही. नवी झेपत नसली, तर मुंबई-पुण्याची वापरलेली गाडी आणणारेही पुष्कळ आहेत. घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, कागदपत्रे बघतात, पत्रा ठोकून पाहतात. चाकांकडे मात्र बघायचे ते एवढेच, की टायरवर नक्षी शिल्लक आहे ना! आधीच्या मालकाने हौसेने रुंद टायर घातलेले असले तर उलट आनंदच. 'गाडी कशी भरलेली दिसते,' असे शेजारीही म्हणतात. पण ते टायर त्या रिमला चालणारे आहेत का, हे कुणी विचारीत नाही.

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला अवघड नाहीत. समजा, '१६५/८० आर १४' असे लिहिले आहे. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा व्यास, इंचात. घोटाळा होतो तो इथेच. चौदाच्या रिमवर चौदाचा टायर चढला, की काम झाले असे आपण समजतो. पण रिमला व्यासाप्रमाणे रुंदीही असते. ती रिमवरच कोरलेली असते, उदाहरणार्थ '५ जे'. म्हणजे रुंदी पाच इंच.

ढोबळ हिशेब असा : टायरच्या मिलिमीटरना २५.४ ने भागावे, म्हणजे इंच येतात. त्याच्या पाऊणपट रिमची रुंदी असावी. १६५ चे साडेसहा इंच होतात. त्याला पाच इंची रिम ठीक. थोडे कमी-जास्त चालते, पण त्यालाही हद्द आहे. १८५/६५ आर १५ या टायरला ५ ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. १९५/६५ आर १५ ला किमान साडेपाच लागते. म्हणजे पाच इंची रिमवर १८५ बसेल, १९५ बसवू नये. फरक अवघा दहा मिलिमीटरचा!

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या बाजू फुगतात आणि पाठ गोलसर होते. मग टायर मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. साखरप्याहून आंबा घाट चढताना एकामागून एक वळणे घ्यावी लागतात, तिथे हे डुलणे परवडणारे नाही. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणला, तर रिमची कड उघडी पडते. जांभ्याच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक आपटले, की रिम वाकते. हवा कमी असेल तर टायर रिमवरून सुटूही शकतो.

रुंद टायर म्हणजे पकड जास्त, ही समजूतही पावसात पुरती खरी नाही. तेच वजन जास्त रुंदीवर पसरते, त्यामुळे टायरखालचे पाणी बाजूला सारायला वेळ लागतो. वेग असला तर गाडी पाण्यावर तरंगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट उंचीची. १६५/८० च्या जागी १८५/८० आर १४ घातला, तर चाक ६२ सेंटिमीटरचे ६५ होते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६३ ने पळत असते. स्टिअरिंग पुरते वळवले की टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. कंपनी रुंदी वाढवते तेव्हा उंची सांभाळते. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ दिले गेले. दोन्ही चाकांची उंची जवळजवळ ६२ सेंटिमीटरच.

तेव्हा गाडी घेण्यापूर्वी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा गाडीचे पुस्तक बघा. त्यातले आकडे टायरशी आणि रिमशी ताडून पाहा. स्टेपनीही विसरू नका. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की टायर बदललाच पाहिजे. आकडे जुळत नसतील तर योग्य टायरांचा खर्च सौद्याच्या वेळीच किमतीतून वजा करून घ्या. घाटात उतरल्यावर तो हिशेब करायला सवड मिळत नाही.