फाटकावरचा रक्षक आणि पोलीस

खासगी सुरक्षारक्षकाच्या अंगावर गणवेश असला, तरी अटकेच्या बाबतीत कायद्याने त्याला सामान्य नागरिकाहून अधिक अधिकार दिलेला नाही. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याने तर पोलिसांसारखा पोशाख घालणेही दंडनीय ठरवले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतील असा, गुन्हा घडल्यास कोणीही गुन्हेगाराला पकडू शकतो, मात्र विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. केबिनमध्ये कोंडून मारहाणीने कबुली वदवून घेणे हा स्वतंत्र गुन्हाच होय.

रक्षकाचे खरे मोल पुरावा जपण्यात असते, आणि नेमके तेच दुर्लक्षिले जाते. तुटलेल्या कुलपाला कोणाला हात लावू न देणे, नोंदवहीत वाहनाचा क्रमांक व वेळ तिथल्या तिथे लिहिणे, सीसीटीव्हीचे चित्रण आपोआप पुसले जाण्यापूर्वी राखून ठेवायला लावणे, एवढ्यानेही तपास पुष्कळ सुकर होतो. (असे चित्रण न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते, ही बाब अनेक गृहनिर्माण संस्थांच्या गावीही नसते.) तातडीच्या प्रसंगी पर्यवेक्षकाच्या परवानगीची वाट न पाहता रक्षकाने थेट 112 वर कळवावे, आणि तशी लेखी मुभा त्याला नेमणुकीच्या दिवशीच मिळावी.