रिमांड होममधली शाळा

बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या गावातला दहावीचा मुलगा चोरीच्या प्रकरणात सापडला, तर कायद्याच्या लेखी तो आरोपी नसून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, म्हणजे मेहकर, चिखली करत बुलढाणा गाठावे लागते. जामीन झाला तर तो घरी येतो. नाही तर निरीक्षणगृहात जातो. लोकांच्या तोंडी आजही ते रिमांड होमच आहे.

अशा मुलांना शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत 1857 साली डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा 1924 चा, आणि त्यामागोमाग 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्या काळी भर होता हाताला काम देण्यावर. 15 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या बाल न्याय कायद्याने मात्र वयानुरूप शिक्षण हा संस्थेच्या कामाचाच भाग ठरवला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा तिथेही लागू केला.

खरी अडचण त्यापुढच्या वयाची आहे. निरीक्षणगृहात येणारी कितीतरी मुले पंधरा ते सतरा वर्षांची असतात, म्हणजे शिक्षण हक्काच्या छत्राबाहेरची. त्यात मुक्काम किती, हे कुणालाच सांगता येत नाही. जामिनाचा आदेश आला की मूल त्याच दिवशी निघते. एका खोलीत एकाला जोडाक्षर अडते, दुसऱ्याला हातच्याची वजाबाकी येत नाही, तिसऱ्याची सहामाही तोंडावर आलेली असते. इथे इयत्तेप्रमाणे बाके लावून भागत नाही. आल्या आठवड्यात मुलाला काय येते ते तपासायचे, आठ-पंधरा दिवसांत पुरे होतील असे धडे आखायचे आणि जाताना वही त्याच्याबरोबर द्यायची, हीच रीत चालते. एवढे कौशल्याचे काम, पण शासकीय योजनेत शिक्षकाचे पद अर्धवेळ मानधनावरचे आहे. ही तडजोड मुलांना महाग पडते.

कागदांचा भाग त्याहून नाजूक. मुलाचे वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र मागतो, त्यामुळे शाळेचे रजिस्टर पहिल्याच दिवशी उघडले जाते. त्याच रजिस्टरातून गैरहजेरीपायी नाव कमी होऊ नये, याची काळजी तेव्हाच घ्यायला हवी. नाव गेलेच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. पण फॉर्मची मुदत टळली तर वर्ष गेले, आणि या वयात गेलेल्या वर्षानंतर फार थोडी मुले बाकावर परततात. परीक्षेला नेताना सोबतचा पोलीस साध्या कपड्यांत असावा आणि मुलाच्या हातात बेडी नसावी.

बंदिस्त मुलांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या नियमांत एक साधी अट आहे: प्रमाणपत्रावर मूल बंदिस्त संस्थेत होते याची खूण असू नये. शक्य तिथे अशा मुलांना बाहेरच्या शाळेतच पाठवावे, असेही ते नियम सांगतात. भारतीय कायद्यानेही मुलाची आणि त्याच्या शाळेची ओळख छापायला बंदी घातली आहे. मोठ्यांप्रमाणे खटला चाललेली मुले वगळता, दोष सिद्ध झाला तरी तो पुढे अपात्रता ठरत नाही.

छापील ओळख लपते. गावाच्या तोंडाला मात्र कायद्याने कुलूप लागत नाही. सुलतानपूरएवढ्या गावात मुलगा कुठे होता हे वर्गाला आधीच ठाऊक असते. म्हणून मुलाचे प्रकरण पाहणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने मुलगा परतण्याआधीच मुख्याध्यापकांना भेटून घ्यावे: मधल्या काळातल्या चाचण्या आणि वह्या वर्गशिक्षकांच्या हाती द्याव्यात, हजेरीत नाव आहे ना ते पाहावे, आणि त्याने कोणत्या बाकावर, कुणाशेजारी बसायचे हेही ठरवून घ्यावे.