भूमिगत कोळसा खाण : जमिनीखालचे काम आणि जमिनीवरची तपासणी

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट 2022 मध्ये एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. परंतु आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीखाली पूर्वी भूमिगत कोळसा खाण चालत असे.

उघडी खाण तिच्या मातीच्या ढिगाऱ्यांमुळे कोसावरून दिसते. भूमिगत खाणीचे तसे नाही. वर शेती चालू राहते, जंगल उभे राहते आणि त्यामुळे ही खाण निरुपद्रवी असल्याचा समज सहज होतो. तो काही अंशी खराही आहे. कारण धूळ कमी उडते व जमीनही कमी लागते. मात्र तिचे परिणाम सावकाश प्रकट होतात, आणि खाणीला मान्यता देण्यापूर्वीच्या तपासणीचा बराचसा रोख या उशिरा दिसणाऱ्या परिणामांवरच असतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाळे व खांब या पद्धतीने कोळसा काढला जातो. थरात आडवेउभे बोगदे खणून मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवतात. बोगद्याची रुंदी सर्वसाधारणपणे 4.8 मीटर व उंची 3 मीटर यांपेक्षा अधिक नसावी, असे बंधन आहे. खोली वाढेल तसे खांबही मोठे ठेवावे लागतात. पुढे हे खांब काढण्याची वेळ येते. तेव्हा पोकळीत पाण्याच्या जोराने वाळू भरली, तर वरची जमीन फारशी खचत नाही. छत मुद्दाम कोसळू दिले, तर ती खचते, भेगा पडतात, बांध सरकतात. खाण उथळ असेल, तर जुने खांब कमकुवत होऊन कित्येक वर्षांनीही एकाएकी खड्डा पडू शकतो. म्हणूनच खांब काढण्यास, तसेच नदी-तलावाखाली किंवा रेल्वे व इमारतींच्या लगत काम करण्यास धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची स्वतंत्र परवानगी लागते. जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीजवळ जाण्यासही तसेच बंधन आहे. चासनाळा येथे डिसेंबर 1975 मध्ये खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार दगावले, हे या संदर्भात विसरता येत नाही.

पाण्याचा प्रश्न गावाला अधिक जवळचा आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर अनेक ठिकाणी वालुकाश्म पसरलेला आहे. नागपूरजवळच्या कामठीवरून त्याला भूशास्त्रात नाव मिळाले आहे. हा खडक पाणी धरून ठेवतो आणि विहिरींना तेच पाणी मिळते. खाण कोरडी ठेवण्यासाठी अहोरात्र पंप चालवावे लागतात, आणि परिसरातील विहिरींची पातळी उतरण्याची शक्यता असते. उलटपक्षी, उपसलेले पाणी शुद्ध केल्यास उपयोगीही पडते. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे ते पिण्यायोग्य करून बाटलीबंद करण्यात आले आहे.

खाण कोठे आहे, यालाही महत्त्व असते. चंद्रपूर परिसरात औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने व इतर खाणी आधीपासून आहेत. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबाही तेथून दूर नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि 2010 मध्ये तेथील नव्या प्रकल्पांच्या मान्यतेवर काही काळ निर्बंध आला. नवी खाण स्वतः थोडे प्रदूषण करील, एवढे म्हणणे अशा ठिकाणी पुरत नाही. शिवाय वरील जमीन वनखात्याची असेल, तर एकही झाड न तोडता तिच्या पोटातून कोळसा काढण्यासदेखील वनविषयक कायद्याखाली मान्यता घ्यावी लागते.

पर्यावरणविषयक मान्यतेची कार्यपद्धती 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने ठरलेली आहे. प्रथम अभ्यासाची कार्यकक्षा निश्चित होते. त्यानुसार हवा, पाणी, माती व वनस्पती-प्राणी यांची पाहणी होऊन अहवालाचा मसुदा तयार होतो. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. तिची सूचना किमान 30 दिवस अगोदर वृत्तपत्रांतून द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध असतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि सुनावणीचे इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखविले जाते. मांडलेल्या आक्षेपांना उत्तरे देऊन अंतिम अहवाल तज्ज्ञ समितीपुढे जातो.

या 30 दिवसांचा उपयोग बहुधा होत नाही. सुनावणीत नोकरी आणि रस्ता यांविषयी पुष्कळ बोलले जाते. ते स्वाभाविकही आहे. पण पोकळीत वाळू भरणार की छत पाडणार, जमीन किती खचेल असा अंदाज आहे, कोणत्या विहिरींची पातळी मोजली व ती कोणत्या महिन्यात, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. पंचायतीने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर आपल्या विहिरींची पातळी स्वतः मोजून नोंदवहीत लिहिलेली असेल, तर पुढे तक्रार करताना तिला आधार मिळतो. शाळेतील विद्यार्थीही दोरी व मापपट्टी घेऊन हे काम करू शकतात.

मान्यतेतील अटींचे पालन कसे झाले, याचा अहवाल खाणचालकाला दर सहा महिन्यांनी, 1 जून व 1 डिसेंबर रोजी, सादर करावा लागतो. तो नागरिकांना पाहता येतो. खाण बंद करण्याच्या योजनेसाठी निराळ्या खात्यात रक्कम ठेवण्याची पद्धत 2009 पासून आहे. त्यापूर्वी सोडून दिलेल्या जुन्या खाणींचे नकाशे मात्र नेहमीच पूर्ण असतात असे नाही, आणि अशा खाणींवर आज वस्त्या उभ्या आहेत. घरबांधणीची परवानगी देताना खाली जुने खोदकाम आहे काय, याची चौकशी खाणीच्या कार्यालयाकडे लेखी करणे पंचायतीला शक्य आहे.