जागेचे वादन : इलुहा आणि परिसरध्वनींचे संगीत

ॲम्बियंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा विचार करताना वाद्यांइतकेच त्यांच्या भोवतालच्या जागेकडेही लक्ष द्यावे लागते, कारण या संगीताला ना ठळक चाल असते, ना मान डोलवायला लावणारा ठेका. रेंगाळणारे स्वर, त्यांच्या पोतात सावकाश होणारे बदल आणि त्यांना वेढून असलेले वातावरण हाच त्याचा सारा ऐवज असतो. या प्रकाराच्या एका शाखेत फील्ड रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओबाहेर जाऊन पाऊस, ओढे, कीटक, रस्ते, स्थानके यांचे जसेच्या तसे टिपलेले ध्वनी, पियानो, गिटार, चेलो यांसारख्या विजेविना वाजणाऱ्या वाद्यांशी जोडले जातात. टोकियोतील इलुहा ही कोरी फुलर आणि तोमोयोशी दाते यांची जोडी या शाखेत विशेष अभ्यासण्याजोगी आहे. या शाखेत आज निर्माण होणारे बरेचसे संगीत सपक असते हे आधीच मान्य केलेले बरे, कारण पियानोच्या चार सुरांखाली पावसाचे मुद्रण सोडून दिले की काम भागते असा समज तिथे बळावला आहे. इलुहाच्या उत्तम ध्वनिमुद्रिकांत मात्र पाऊस खाली अंथरलेला नसतो, वाद्याच्या बरोबरीने त्यालाही रचनेत जबाबदारी दिलेली असते.

या विचाराची पूर्वपीठिका बरीच मागे जाते. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७मध्ये ‘फर्निचर-संगीत’ अशी कल्पना मांडली, म्हणजे खोलीतील खुर्ची-टेबलाप्रमाणे केवळ असणारे, मुद्दाम ऐकण्याची अपेक्षा नसलेले संगीत. १९२०मध्ये पॅरिसमधील एका कलादालनात त्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षक शिस्तीने गप्प बसून ऐकू लागले आणि साती त्यांना बोलत राहण्याची, फिरत राहण्याची विनवणी करत राहिला. पुढे १९४८मध्ये पिएर शेफर याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातील रेल्वेइंजिनांचे आवाज मुद्रित करून, त्यांची काटछाट व पुनरावृत्ती करून त्यांतून रचना घडवली. ध्वनी कशापासून निघाला हे विसरून त्याचा पोत, त्याची चढण-उतरण, त्याचे वजन एवढेच ऐकावे, अशी त्याची भूमिका होती. याच्या अगदी उलट दिशेने कॅनडाचे मरे शेफर गेले. आडनावे कानाला जवळजवळ सारखी असली, तरी या दोघांत मतैक्य शोधू नये. मरे शेफर आणि सायमन फ्रेझर विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांच्या दृष्टीने ध्वनीचे उगमस्थान हाच त्याचा अर्थ होता. एखाद्या गावाची घंटा, बंदरातला भोंगा, तिथला वारा यांचे मिळून त्या स्थळाचे ‘ध्वनिदृश्य’ बनते आणि ते निसर्गदृश्याइतकेच जपण्याजोगे असते, असे त्यांनी मांडले. त्यांचा ‘व्हँकूव्हर साउंडस्केप’ हा प्रकल्प १९७३मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ हा ग्रंथ १९७७मध्ये.

ॲम्बियंट हे नाव रूढ करणारा ब्रायन इनो या दोन वाटांच्या मधोमध येतो. १९७५च्या आरंभी रस्त्यावरील अपघातानंतर तो अंथरुणाला खिळला असताना एका मैत्रिणीने आणून दिलेली हार्पवादनाची तबकडी अगदी बारीक आवाजात लागली. स्टिरिओची एक बाजू बंद होती, उठून आवाज वाढवण्याचे त्राण नव्हते, आणि बाहेरच्या पावसातून मोठे स्वर तेवढे अधूनमधून वर येत होते. वाद्य व पाऊस एकाच पातळीवर ऐकू येण्याच्या या अनुभवातून त्याचे पुढचे काम घडले, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ने या प्रकाराला नाव दिले, बेडूक, कीटक यांचे मुद्रित ध्वनी प्रत्यक्ष रचनेत विरघळवण्याचे काम मात्र त्याने १९८२च्या ‘ऑन लँड’मध्ये केले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच ध्वनिमुद्रिका अधिक महत्त्वाची ठरते.

जपानमध्ये हा विचार पोहोचला तेव्हा त्याला तयार जमीन मिळाली. तेथील जुन्या बागांत सुइकिनकुत्सु नावाची एक रचना आढळते : तळाला भोक पाडलेला मातीचा रांजण जमिनीत पालथा पुरलेला असतो, हात धुतल्यावर ओघळणारे पाणी वरच्या भोकातून आत साचलेल्या पाण्यावर थेंबथेंब पडते आणि रांजणाच्या पोकळीत त्या थेंबाचा धातूच्या तारेसारखा नाद उमटतो. वाद्य कुठे संपते आणि परिसर कुठे सुरू होतो, हा प्रश्न विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या फार आधी तिथे प्रत्यक्ष बांधकामातच मांडलेला होता. १९८०च्या दशकात सातोशी आशिकावा, हिरोशी योशिमुरा, मिदोरी ताकादा यांनी ‘कांक्यो ओंगाकु’, अर्थात परिसरसंगीत, या नावाखाली दालने, घरे, दुकाने यांना अनुरूप रचना केल्या. त्यांपैकी योशिमुराच्या १९८६मधील ‘ग्रीन’ या ध्वनिमुद्रिकेची हकिकत बोधप्रद आहे. तिची अमेरिकी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यावर पाण्याचे व पक्ष्यांचे आवाज वरून चढवण्यात आले, कारण निसर्गध्वनी असले की असे संगीत खपते, हा बाजाराचा हिशेब होता; २०२०च्या पुनःप्रकाशनात मात्र ते आवाज नसलेले मूळ रूपच निवडले गेले. फील्ड रेकॉर्डिंगचा साज म्हणून वापर आणि रचनेचे अंग म्हणून वापर यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण. ध्वनी हा सार्वजनिक ठेवा आहे ही जाणीवही त्या देशात सरकारी पातळीपर्यंत गेली आणि १९९६मध्ये तेथील पर्यावरण खात्याने जपानमधील १०० ध्वनिदृश्यांची यादी जाहीर केली, जिच्यात ओखोत्स्क समुद्रातील वाहत्या हिमखंडांपासून साप्पोरोच्या घड्याळघराच्या टोल्यांपर्यंत नाना प्रकारचे आवाज आहेत.

इलुहाचे दोन्ही सदस्य या परंपरेत काहीसे बाहेरून आलेले आहेत. कोरी फुलर हा जन्माने अमेरिकी; त्याचे बालपण जपानमध्ये गेले आणि पुढे दोन्ही देशांत त्याचे जाणे-येणे राहिले; त्याच्या २००९मधील स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेचे ‘सीज बिट्वीन’ हे नाव त्या दोन किनाऱ्यांमधल्या समुद्राकडेच बोट दाखवते. तोमोयोशी दाते यांचा जन्म ब्राझीलमधील साव पावलोचा. ते व्यवसायाने डॉक्टर असून आधुनिक वैद्यकाबरोबरच जपानी पारंपरिक औषधोपचारही करतात. संगीताने रोग बरे होतात असल्या दाव्यांना या पार्श्वभूमीवर ऊत येणे सोपे होते. दाते यांच्या संगीतात त्या भाबडेपणाचा मागमूस नाही, हे त्यांच्या पारड्यात टाकायला हवे. दोघांच्या ध्वनिमुद्रिका ‘ट्वेल्व्हके’ या न्यूयॉर्क राज्यातील छोट्या प्रकाशनसंस्थेने काढल्या. टेलर डुप्री याने १९९७मध्ये स्थापन केलेली ही संस्था सुरुवातीला निखळ संगणकी, काटेकोर ध्वनींसाठी ओळखली जात होती आणि पुढे हळूहळू लाकूड, तारा व हवेचे आवाज असलेल्या संगीताकडे वळली.

२०११मधील ‘शिझुकु’ ही इलुहाची पहिली ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे, सुमारे शंभर वर्षे जुन्या चर्चमध्ये मुद्रित झाली. पियानो, गिटार, चेलो, व्हायब्राफोन ही वाद्ये तिच्यात आहेतच. परंतु तिचा स्वभाव ठरवते ती पायाने भाता चालवायची पेटी. हे वाद्य मराठी वाचकाला परके नाही, कारण संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे गायकनटाला साथ करणारा ऑर्गन याच कुळातला : पायपट्ट्या दाबल्या की भात्यातील हवेच्या दाबात फरक पडतो, हवा पितळी पत्त्यांमधून वाहते, पत्त्या थरथरतात आणि स्वर निघतो. नाट्यगृहात पायपट्ट्यांची खटखट आणि भात्याची फुसफुस गायनाआड झाकली जाई, किंबहुना ती झाकली जावी यातच वादकाचे कसब होते. इलुहाने मायक्रोफोन नेमका तिथेच, पट्ट्या आणि भात्याच्या अगदी निकट नेला. त्यामुळे स्वर सुरू होण्यापूर्वीची हवेची चाहूल, बिजागरीची करकर, लाकडी जमिनीचा दबका आवाज हे सारे स्वराइतकेच स्पष्ट ऐकू येते, आणि वाद्यातून निघणारा हा अनाहूत आवाज बाहेरून आणलेल्या पाण्याच्या किंवा पानांच्या आवाजाशी पोताने इतका जुळतो की दोहोंमधला सांधा कानाला शोधूनही सापडत नाही.

या सांध्यामागे थोडे ध्वनिशास्त्र आहे. वाजवणे थांबल्यावरही भिंती-छतावरून परावर्तित होत राहणाऱ्या नादाला घुमारा म्हणतात आणि त्याची तीव्रता ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो त्यावरून खोलीचा घुमारा मोजला जातो. लाकडी वास्तू दगडापेक्षा अधिक नाद शोषून घेते, म्हणून तिचा घुमारा दगडी मंदिरापेक्षा आखूड असतो. मायक्रोफोन वाद्याजवळ असेल तर प्रत्यक्ष स्वर अधिक व घुमारा कमी, दूर नेला तर उलट. दोन्ही अंतरांवरचे मुद्रण एकत्र मिसळले की श्रोत्याला एकाच वेळी वाद्याच्या आत आणि खोलीच्या टोकाला असल्याचा भास होतो. फील्ड रेकॉर्डिंगमध्येही हीच निवड असते. मोकळ्यावर मायक्रोफोनला केसाळ कापडाचे आवरण घातल्याशिवाय वाऱ्याचा गडगडाटच मुद्रित होतो. पाण्याखालचे आवाज टिपायला हायड्रोफोन लागतो. आणि हवेऐवजी थेट कुंपणाच्या तारेचे, फळीचे किंवा वाद्याच्या अंगाचे कंप पकडणारा चिकटमायक्रोफोनही वापरतात.

खरी कसोटी लागते ती मिश्रणाच्या वेळी. पियानोचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला २७.५ कंपनांचा आणि सर्वांत वरचा सुमारे ४,१८६ कंपनांचा असतो. रातकिडे आणि सिकाडा यांचे आवाज बहुधा या पल्ल्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याही पलीकडे पडतात, त्यामुळे ते पियानोच्या मधल्या सप्तकांशी भांडत नाहीत आणि त्यांना मिसळणे तुलनेने सोपे जाते. पावसाचे तसे नाही. पाऊस खालपासून वरपर्यंत जवळजवळ सगळा पल्ला एकाच वेळी व्यापतो आणि चेलोच्या मंद स्वरातील बारकावे गिळून टाकतो. म्हणून कसबी रचनाकार पावसातील ठरावीक पट्टा दबवून चेलोला जागा करून देतो, किंवा सबंध सरीऐवजी पन्हळीतून पडणारे सुटे थेंब निवडतो. याखेरीज ग्रॅन्युलर संश्लेषण नावाची पद्धत आहे, जिच्यात मुद्रित स्वराचे सेकंदाच्या हजाराव्या ते दहाव्या भागाइतके कण करून ते पुन्हा पसरून मांडले जातात. गिटारची एकच तार या प्रक्रियेतून गेली की तिचे भुरभुरत्या ध्वनीत रूपांतर होते आणि वाद्य स्वतःच हवामानासारखे वागू लागते. अशा वेळी श्रोता पिएर शेफरच्या सांगण्याप्रमाणे उगम विसरतो, पण दुसऱ्याच क्षणी एखादे दार वाजते, कुणाचे पाऊल ऐकू येते आणि मरे शेफरचे स्थळ परत समोर उभे राहते. इलुहाच्या संगीतातील नाट्य, ज्यांना त्यात काहीच घडत नाही असे वाटते त्यांच्यासाठी सांगायचे तर, या दोन ऐकण्यांच्या अदलाबदलीत आहे.

२०१३मधील ‘इंटरस्टिसेस’ ही थेट वादनांच्या मुद्रणांवर आधारलेली ध्वनिमुद्रिका असून २०१४मधील ‘अकारी’ ही पाच दीर्घ रचनांची. ‘अकारी’तील रचनांची नावे अनुनाद, गुरुत्व, पृष्ठताण, क्षय पावणाऱ्या लहरी अशा भौतिकशास्त्रीय संज्ञांची लांबलचक माळ आहेत आणि ती वाचताना प्रबंधाची अनुक्रमणिका चाळल्यासारखे होते, संगीत मात्र त्या नावांहून पुष्कळ साधे, मोकळे आणि अधिक आत्मविश्वासाचे आहे. ‘शिझुकु’त जागा भरून टाकण्याचा मोह अधूनमधून जाणवतो, तो इथे आवरलेला दिसतो.

याच सुमारास जपानच्या यामागुची शहरातील कला व माध्यम केंद्राच्या दहाव्या वर्धापनानिमित्त, जुलै २०१३मध्ये, इलुहाने टेलर डुप्री आणि रियुइची साकामोतो यांच्याबरोबर वादन केले. ते ‘पर्पेच्युअल’ या नावाने २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. साकामोतो हे त्या वेळी जगभर चित्रपटसंगीतासाठी मान्यता पावलेले ज्येष्ठ कलावंत होते. तरीही या तीन भागांच्या उत्स्फूर्त रचनेत त्यांचा पियानो पुढे सरसावत नाही, कित्येकदा एक स्वर टाकून तो विरेपर्यंत थांबतो. साकामोतोंचा स्वतःचा प्रवासही याच दिशेने चालला होता. २०११च्या त्सुनामीत बुडालेल्या, स्वर बिघडलेल्या पियानोचा आवाज त्यांनी २०१७च्या ‘असिंक’मध्ये वापरला आणि त्यांच्यावरील ‘कोडा’ या माहितीपटात तर पावसात डोक्यावर बादली पालथी घालून थेंबांचा आवाज तपासताना ते दिसतात.

या प्रकारावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा की तो जगातील कटकटीचे आवाज गाळून फक्त सुखद तेवढे ठेवतो, आणि ओढा व पाखरे यांच्या पलीकडे महामार्ग आहे हे लपवतो. आक्षेपात तथ्य आहे. इलुहाच्या मुद्रणांतही ट्रकचा हॉर्न क्वचितच सापडेल. प्रसारणसेवांनी या संगीताला झोप आणि एकाग्रता यांच्या याद्यांत कोंबून ही अडचण वाढवली, कारण झोपेसाठी वाजवायचे म्हटले की पायपट्टीची करकर ही त्रुटी ठरते आणि गुळगुळीतपणा हा गुण. फोनच्या बोटभर स्पीकरवर भात्याचा खर्ज आणि खोलीचा घुमारा दोन्ही नाहीसे होतात, उरतो तो वरचा चकाकता थर; हेडफोनवर किंवा दोन बऱ्या स्पीकरांमधून ऐकल्याशिवाय या जोडीविषयी मत बनवणे अन्यायाचे होईल.

‘पर्पेच्युअल’नंतर जोडीच्या कामात मोठा खंड पडला आणि ‘तोबिरा’ ही पुढची ध्वनिमुद्रिका २०२३मध्ये आली. त्याच वर्षी २८ मार्चला साकामोतोंचे निधन झाले. मधल्या काळात फुलरने २०१९मध्ये ‘ब्रेक’ काढली, जी पियानो व गंभीर इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या जोरावर इलुहापेक्षा बरीच वादळी आहे. दाते यांनी उलट, एकट्या जुन्या पियानोवर आधारलेली ध्वनिमुद्रिका केली आणि तिच्या शीर्षकातच ४३८ हर्ट्झ हा आकडा घातला. पियानोचा मध्यसप्तकातील ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. ४३८ म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे तेराव्या भागाइतका उतरलेला, एकट्याने वाजताना बहुतेक कानांना कळणारही नाही इतका. ४४०ला लावलेल्या वाद्याशेजारी तो पियानो वाजला तर मात्र त्या स्वरावर सेकंदाला दोन आंदोळे स्पष्ट ऐकू येतील.