दावणीला थांबलेला बाजार

सप्टेंबर २०२२ मध्ये काष्टीचा बाजार थांबला, घोडेगावचा थांबला, लोणीचाही थांबला. श्रीगोंदा, नेवासा आणि राहाता तालुक्यांतले हे तीन बाजार म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) शेतकऱ्याची खरी बँक. काष्टी बैलांसाठी, घोडेगाव म्हशींसाठी आणि लोणी संकरित गाईंसाठी ओळखलं जातं. मुलीचं लग्न, कांद्याचं बी, सोसायटीचा हप्ता, दवाखाना, कशालाही पैसा लागला की माणूस कासरा हातात घेतो आणि बाजाराची वाट धरतो. ती वाट सरकारी आदेशाने बंद झाली. कारण होतं लम्पी.

या रोगाला आपल्याकडे मराठी नाव मिळालंच नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, बुळकांडी ही नावं आपल्या लोकांनी रोग डोळ्यांनी बघून ठेवलेली. लम्पी मात्र इंग्रजी नाव घेऊनच गोठ्यात शिरला. तसा तो देवीच्याच कुळातला विषाणू. जनावराला ताप येतो, अंगावर गाठी उठतात, दूध आटतं, पाय सुजतात, आणि काही जनावरं दगावतात. माणसाला तो होत नाही. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, तो प्रथम नोंदला गेला. भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला, पुढच्या वर्षी गडचिरोलीत आला. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कच्छ आणि राजस्थानात त्याने हाहाकार उडवला आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पाऊल टाकलं.

तो पसरतो माशा, डास आणि गोचिडांमुळे. पण माशी उडून उडून किती उडणार? शेकडो मैलांची मजल विषाणू मारतो ती ट्रकमधून. बाजारात दहा ठिकाणची जनावरं एका खुंट्याजवळ येतात आणि संध्याकाळी दहा दिशांना जातात. दिसायला धडधाकट असलेलं जनावरही आत रोग बाळगून असू शकतं. व्यापारी दात बघतो, कास बघतो, चाल बघतो. विषाणू कुणाला दिसणार? म्हणून बाजार आणि वाहतूक थांबवणं हा पहिला उपाय ठरतो.

त्यासाठी कायदा आहे, २००९ चा, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा. त्याच्या आधारे महाराष्ट्राने सगळं राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केलं. परराज्यातून गुरं आणणं-नेणं बंद, बाजार बंद, शर्यती आणि प्रदर्शनं बंद. त्या वेळचे पशुसंवर्धनमंत्री राधाकृष्ण विखे पाटील हे लोणीचेच. बंदी त्यांच्या गावच्या बाजारालाही लागली. आदेशात गाईबैलांबरोबर म्हशीही होत्या. लम्पीचा मुख्य तडाखा गाईबैलांना, म्हशींना तो क्वचितच. तरी घोडेगावही गप्प झालं. व्यापाऱ्यांचं म्हणणं असं की, रोग गाईला आणि शिक्षा म्हशीला. पशुवैद्यांचं म्हणणं असं की, क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, आणि गोचिड गाडीत चढताना जात विचारत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

आता हीच भांडणं दोन देशांत कशी होतात ते पाहू, कारण त्यांची सुरुवात आपल्याच गुरांपासून झालेली आहे. १९२० साली भारताकडून ब्राझीलला निघालेली वशिंडाची जनावरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली आणि बेल्जियमच्या गोठ्यांत शिरली. युरोप हादरला. एकट्याने दार लावून भागत नाही, शेजाऱ्याच्या गोठ्यात काय चाललंय ते वेळेवर कळलं पाहिजे, हे ध्यानात आलं. २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये २८ देशांनी करार केला आणि जनावरांच्या रोगांची जागतिक संस्था जन्माला आली. संयुक्त राष्ट्रसंघाहून ती वयाने मोठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

बुळकांडीचं आपल्याशी आणखी एक नातं आहे. जनावरांच्या साथींवर संशोधनासाठी १८८९ मध्ये सरकारी प्रयोगशाळा निघाली ती पुण्यात. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. भारतात बुळकांडी शेवटची दिसली १९९५ मध्ये, आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला जनावरांचा हा पहिला रोग. लस, टेहळणी आणि हालचालींवर लक्ष, या तिन्हींमुळे ते झालं. तेव्हा निर्बंधांना नुसती सरकारी कटकट म्हणून उडवून लावता येत नाही.

पण निर्बंध रोगासाठी आहे की आपल्या माणसाचा धंदा सांभाळण्यासाठी, हे कोण ठरवणार? १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा याच प्रश्नावर एक करार झाला. त्याचा गाभा गावच्या भाषेत असा: बंदी घालायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तिला शास्त्राचा आधार हवा, स्वतःच्या घरात जो नियम नाही तो पाहुण्याला लावू नये, आणि एका भागात रोग आला म्हणून साऱ्या देशाला वाळीत टाकू नये.

या करारात आपला देशही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्या देशात बर्ड फ्लू आढळेल, मग तो सौम्य प्रकारचा का असेना, तिथून कोंबडीचं मांस आणि अंडी घ्यायची नाहीत, असं भारताचं धोरण होतं. अमेरिकेने २०१२ मध्ये तक्रार नेली. जून २०१५ मध्ये अंतिम निकाल भारताच्या विरोधात गेला. सगळ्या देशावर सरसकट बंदी नको, रोगग्रस्त भाग वेगळा काढा, असं निकालाने सांगितलं. पुढे रेटारेटी चालूच राहिली आणि मार्च २०२४ मध्ये दोन्ही देशांनी समझोत्याने ते प्रकरण मिटवलं. ब्रिटनचंही असंच. ‘मॅड काऊ’ रोगामुळे १९९६ मध्ये युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांस बंद केलं, १९९९ मध्ये बंदी उठवली. पण फ्रान्सने आपलं दार २००२ पर्यंत लावूनच ठेवलं.

त्या मॅड काऊची मुळं खाद्यात होती. गवत खाणाऱ्या जनावराला मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी चारली गेली. म्हणूनच दुग्धपदार्थ आयात करताना, त्या गाईंना असं खाद्य कधी दिलेलं नाही, असा दाखला भारत मागतो. अमेरिका त्याला व्यापारातला अडथळा म्हणते. भारत म्हणतो, हा आमच्या श्रद्धेचाही प्रश्न आहे. संगमनेर-अकोल्यात सकाळी डेअरीवर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो रोजीरोटीचा प्रश्न आहे. परदेशी दूध-भुकटी स्वस्तात उतरली तर त्याच्या लिटरमागचा दर कुठे जाईल, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मला विचाराल तर एकाच दाखल्यात आरोग्य, श्रद्धा आणि बाजारभाव तिन्ही मिसळलेले आहेत. भांडण मिटत नाही त्याचं एक कारण तेच.

पुन्हा आपल्या बाजाराकडे येऊ. लम्पीत जनावर दगावलं तर सरकारने भरपाई ठरवली होती: दुधाळ गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. लसही मोफत टोचली, शेळ्यांच्या देवीवरची. हे काम चांगलं झालं. पण जे जनावर मेलं नाही, नुसतं विकता आलं नाही, त्याचं काय? त्याला रोज चारा लागतो, पेंड लागते, आणि विक्रीच्या पैशावर ठरलेलं लग्न पुढे ढकलावं लागतं. त्याची भरपाई कुठल्या रकान्यात बसत नाही. रोग कळवला की गावाला टाळं लागतं, हे एकदा लोकांना कळलं की मग गाठी उठलेली गाय मागच्या गोठ्यात बांधली जाते. देशांचंही तसंच. खरं सांगणाऱ्यावर सरसकट बंदी आली, तर पुढच्या वेळी तो देश खरं सांगायला कचरतो. म्हणून रोगाच्या जागेपुरती बंदी, पाच किलोमीटरचं वर्तुळ आखून लसीकरण, आणि बाकीच्यांना वाट मोकळी, हा मार्ग दयेपेक्षाही शहाणपणाचा आहे.

त्यासाठी जनावर कुठून आलं ते कळायला हवं. कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारा आकडी क्रमांक त्यासाठीच आहे. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्याचा नियम आहे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्या बाजाराला हे थोडं जड जातं. बिल्ला काटेरी कुंपणात अडकून तुटतो, कधी कान फाटतो, कधी जनावर विकलं तरी नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहते. बिल्ला मारायला माणूस वेळेवर येत नाही, ही तक्रार तर गावोगाव ऐकू येते. तरीही पुढची साथ येईल तेव्हा काष्टीचा अख्खा बाजार बंद करायचा की फक्त चार गावांची जनावरं थांबवायची, हे त्या बारा आकड्यांमागची नोंद किती खरी आहे यावर ठरणार आहे.